रेताड वावरात पाणी टिकत नाही: आधी खड्डा खणा, मग गाळाचं बघू

भाऊ, तुम्ही लिहिलंत ते थोडक्यात असं. मोहाडी तालुक्यात वैनगंगेजवळ अडीच एकर वावर. वडिलांनी त्यात धान लावून पाहिलं, तुम्ही दोन वर्षं वांगी-भेंडी करून पाहिली. पाणी दिलं की तिसऱ्या दिवशी पीक मान टाकतं. युरिया दिला की आठ दिवस हिरवं दिसतं आणि पुन्हा पिवळं पडतं. घरी दोन गाई, एक म्हैस. कोणी म्हणतं काळी माती आणून टाका, कोणी म्हणतं गांडूळखत घाला, आणि दुकानदार हायड्रोजेलची, म्हणजे पाणी शोषून धरणाऱ्या भुकटीची, पुडी हातात देतो. पैसा थोडाच आहे, तो नेमका कशात घालायचा, हे तुम्हाला हवं आहे.

मी पवनीच्या बाजूला, याच नदीच्या काठावर, पावणेचार एकर रेताड वावर २४ वर्षांपासून कसते आहे. तुम्ही सांगितलेली प्रत्येक गोष्ट माझ्या वावरात घडून गेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही पाणी कमी पडतं, खत लागत नाही, असं म्हणता. मला वाटतं तुमच्या वावरात दोन्ही पुरेसं पडतं, ते थांबत नाही. रेतीचा कण मोठा आणि गुळगुळीत. दोन कणांच्या मधल्या फटी मोठ्या, त्यातून पाणी सरळ खाली उतरतं. चिकणमातीचा कण इतका बारीक असतो, की मूठभर चिकणमातीतल्या कणांचा सगळा पृष्ठभाग मोकळा पसरला तर एक अख्खं शेत झाकेल. पाणी त्या पृष्ठभागाला धरून राहतं. शिवाय चिकणमातीवर ऋण विद्युतभार असतो, त्याला पालाश, अमोनिया, चुना, मॅग्नेशियम चिकटून राहतात. रेतीजवळ यातलं काहीच नाही.

आता तुमच्या तिसऱ्या दिवसाचा हिशेब करून दाखवते. एक फूट खोल रेताड मातीत पिकाला घेता येईल असं पाणी साधारण २० ते २५ मिलिमीटर मावतं. तेवढ्याच खोलीच्या चिकण पोयट्यात ४५ ते ५० मावतं. यातलं निम्मं संपलं की भाजीपाल्याला ताण बसायला लागतो, म्हणजे तुमच्या हाताशी राहिलं १० ते १२ मिलिमीटर. एप्रिलच्या उन्हात भरात आलेलं वांगं दिवसाला ५-६ मिलिमीटर सहज ओढतं. दोन दिवस झाले की साठा संपला, तिसऱ्या दिवशी झाडानं मान टाकली. पीक बरोबर वागतं आहे. तुम्ही दोन तास जास्त पाणी सोडलंत तरी हा हिशेब बदलत नाही, कारण भांडं तेवढंच आहे आणि वरचं सगळं मुळांच्या खाली निघून जातं.

म्हणून काम दोन आहेत. भांडं मोठं करायचं, त्याला वर्षं लागतात. आणि ते मोठं होईपर्यंत लहान भांड्याच्या मापानंच पाणी नि खत द्यायचं, हे उद्यापासून करता येतं. बहुतेक जण पहिल्या कामाची घाई करतात आणि दुसरं विसरतात.

पण त्याआधी एक गोष्ट मला इथून दिसत नाही, ती तुम्हालाच बघावी लागेल. वावराच्या मधोमध आणि नदीकडच्या कोपऱ्यात असे दोन खड्डे तीन-तीन फूट खणा. खाली काय निघतं त्यावर पुढचं सगळं ठरतं. आपल्याकडची जुनी माणसं कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बरडी अशी मातीला नावं देत आली, ती वरवर बघून दिलेली नाहीत. प्रत्येकीत काय पिकतं आणि पाणी कुठपर्यंत जातं, हे पिढ्यान्‌पिढ्या बघून दिलेली आहेत.

खड्ड्यात तीनपैकी एक गोष्ट दिसेल. पहिली, वर वीत-दीड वीत रेती आणि खाली जुनी काळसर किंवा पिवळसर माती. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला जो पूर आला, त्यानं काठावरच्या बऱ्याच वावरांवर अशी रेती आणून टाकली. तुमचं तसं असेल तर बाहेरून माती आणायचा खर्च करूच नका, तुमची माती तुमच्याच वावरात खाली पुरलेली आहे. रेती वीतभरापेक्षा कमी असेल तर उन्हाळ्यात एकदा खोल नांगरटीनं खालची माती वर घ्या. जास्त असेल तर रेती काढावी लागते, आणि ती काढून विकायची किंवा हलवायची तर महसूलची परवानगी लागते, ते आधी तलाठ्याला विचारा.

दुसरी, दोन-अडीच फुटांवर चिकणमातीचा किंवा कडक मुरमाचा थर. हे खरं तर चांगलं लक्षण आहे. पाणी त्या थरावर अडून राहतं, तूर, एरंडी अशी खोल मुळांची पिकं ते वापरतात. अशा वावरात वरून थोडाच गाळ पुरतो. तिसरी, तीन फुटांपर्यंत नुसती रेती. माझं वावर असं आहे, आणि तुमच्या वर्णनावरून तुमचंही असावं असं वाटतं. पुढचं मुख्यतः या तिसऱ्या प्रकारासाठी लिहिते.

मातीत चिकण किती आहे हे घरच्या घरी कळतं. काचेच्या उभ्या बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर. पाच मिनिटं जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटाभरात जी खाली बसते ती रेती, दोन तासांत तिच्यावर बसते ती पोयट्याची बारीक माती, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वर जो पातळ थर दिसतो तो चिकणमातीचा. पट्टीनं मोजा. माप ढोबळ असतं, पण आपल्याला ढोबळच हवं आहे. सोबत मातीचा एक नमुना तपासणीला द्या, त्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि जस्त या चार गोष्टी तरी बघून घ्या.

आता गाळ. भांडं मोठं करण्याचा सर्वांत टिकाऊ उपाय हाच, कारण शेणखत कुजून संपतं, चिकणमाती संपत नाही. एकदा मिसळली की तुमच्या नातवांपर्यंत तिथेच राहते. आणि या बाबतीत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचे शेतकरी भाग्यवान आहेत. कोहळी समाजानं आणि जुन्या मालगुजारांनी बांधलेले मामा (माजी मालगुजारी) तलाव गावागावात आहेत, शिवाय बोड्या, म्हणजे लहान तळी आहेत. उन्हाळ्यात तलावातला गाळ बंडीनं वावरात नेऊन टाकायचा, ही रीत आपल्याकडे फार जुनी. राज्य सरकारनं २०१७ मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आणली. अल्पभूधारकांना वाहतुकीसाठी मदत मिळू शकते, पण अटी आणि रक्कम वेळोवेळी बदलतात, त्यामुळे तालुक्याला जाऊन यंदाचं काय ते विचारा. परवानगीशिवाय मात्र एक ट्रॉलीही उचलू नका.

किती गाळ लागतो, हा हिशेब कोणी नीट सांगत नाही, आणि पैसा इथेच वाया जातो. एक एकराची वरची सहा इंच माती म्हणजे सुमारे ९०० टन. तुमच्या मातीत चिकण ८ टक्के आहे असं धरू, आणि गाळात निम्मी चिकणमाती. ८ चे १२ टक्के करायला एकरी सुमारे ९५ टन गाळ लागतो. एका ट्रॉलीत तीन टन कोरडा गाळ धरला तर ३० ते ३२ ट्रॉल्या. ऐकायला फार वाटतं, पण पसरून झाल्यावर थर जेमतेम २ सेंटिमीटरचा होतो.

मी पहिल्या वर्षी दोन एकरांत १४ ट्रॉल्या पसरल्या. वावर काळसर दिसलं, शेजारी बघायला आले, मलाही फार समाधान वाटलं. पावसाळा गेला आणि रब्बीत पाण्याच्या पाळ्या होत्या तेवढ्याच राहिल्या. दोन एकरांत १४ ट्रॉल्या म्हणजे चिकण जेमतेम एका टक्क्यानं वाढलं होतं, ते पिकाला कुठून कळणार? पैसे गेले ते गेलेच. तीन वर्षांनी पुन्हा हिंमत केली, तेव्हा फक्त अर्धा एकर धरला आणि त्यात १६ ट्रॉल्या टाकल्या. त्या अर्ध्या एकरात पुढच्याच रब्बीत तीन दिवसांची पाळी पाच दिवसांवर गेली. त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी अर्धा-अर्धा एकर करत गेले. तुम्हालाही माझं आग्रहाचं सांगणं हेच आहे: अडीच एकरांत पातळ पसरू नका. अर्धा एकर घ्या, तो विहिरीजवळचा घ्या, आणि तो पुरा करा. उरलेले दोन एकर तोवर कमी पाण्याच्या पिकांना द्या.

गाळ कुठून उचलायचा यालाही महत्त्व आहे. तलावात पाणी जिथून येतं तिथे जाड रेती आधी बसते, बारीक कण पुढे वाहत जाऊन पाळीकडच्या खोल भागात बसतात. ट्रॅक्टरला सोपं म्हणून बहुतेक गाळ काठावरून, पाणी येतं त्याच बाजूनं भरला जातो, आणि रेताड वावरात पुन्हा रेतीच येऊन पडते. तुम्ही तलावाच्या मध्यापासून पाळीकडचा गाळ मागा, पण पाळीच्या पायथ्यापासून लांबचा. पायथा उकरला तर पाळ कमजोर होते, आणि गाळाखालचा मूळ घट्ट तळ फोडला तर तलावच गळायला लागतो. ट्रॉली भरण्याआधी गाळ ओला करून बोटांत त्याची पट्टी काढा. दोन इंचांची पट्टी न तुटता निघाली तर घ्या. लगेच भुरभुरली तर सोडून द्या.

उथळ काठाच्या गाळात आणखी एक धोका असतो, लव्हाळ्याच्या गाठी. एका वर्षी माझ्या अर्ध्या एकरात त्या गाळाबरोबर आल्या. त्या काढायला तीन उन्हाळे नांगरट करून गाठी उन्हात तापवाव्या लागल्या, त्यातला एक उन्हाळा तर आम्ही दोघी सासू-सुना रोज सकाळी टोपली घेऊन वेचत होतो. म्हणून गाळात हिरवं काही उगवलेलं दिसलं की तो भाग टाळा. तसंच गाळाची क्षारता तपासून घ्या. आपल्या पूर्वेकडच्या तलावांत ती सहसा अडचण नसते, पण अकोला-अमरावतीकडे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या कोणी हे वाचत असेल तर त्यांनी तपासणीशिवाय गाळ टाकूच नये.

टाकण्याची वेळ एप्रिल-मे. ढीग करून ठेवू नका, लगेच पसरा, म्हणजे ढेकळं उन्हात तडकतात. मृगाचा पहिला पाऊस पडला की ती ढेकळं आपोआप विरघळतात. वाफसा आला की वखराच्या दोन-तीन पाळ्या आडव्या-उभ्या द्या. ओल्या गाळात रोटाव्हेटर घालायचा मोह होतो, तो टाळा, त्याचे गोळे होतात आणि ते वर्षभर फुटत नाहीत. आणि मिसळल्याशिवाय थर तसाच राहू दिला तर वर पापुद्रा धरतो, पाणी साचतं आणि खालची रेती कोरडी राहते.

इथपर्यंत चिकणमातीचं झालं. पण नुसती चिकणमाती रेतीत सुटी-सुटी राहते, तिला रेतीच्या कणाला बांधून ठेवायला सेंद्रिय पदार्थ लागतो. त्याबद्दल खरं सांगते, इथे घाई कामाची नाही. आपल्या उन्हाळ्यात ४५-४६ अंशांपर्यंत पारा जातो, आणि रेताड मातीत हवा खेळती असते. अशा जमिनीत शेणखत लाकडासारखं जळत जातं. एकरी पाच टन शेणखत टाकलं तर त्यात कर्ब जेमतेम पाऊण-एक टन, आणि त्यातला बराचसा वर्षभरात वायू होऊन उडून जातो. तपासणीच्या कागदावर कर्ब ०.३ वरून ०.५ वर न्यायला मला नऊ वर्षं लागली. कोणी एका हंगामात कर्ब दुप्पट करून देतो म्हणत असेल तर त्याच्यावर पैसे घालू नका.

म्हणून जे थोडं आहे ते उडू न देणं महत्त्वाचं. तुमच्या तीन जनावरांचं रोजचं २५-३० किलो शेण धरलं तरी वर्षाला ओलं शेण दहा टनांच्या घरात जातं. ते उघड्या उकिरड्यावर उन्हात पडलं तर त्यातला नत्र उडतो, पावसात उरलेला धुपून जातो. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातले पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी नाडेपची पद्धत बसवली, तिच्यात थोड्या शेणात भरपूर खत होतं. विटांचं १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच टाकं, भिंतीत हवेसाठी छिद्रं. त्यात साधारण १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, १०० किलोच्या आसपास शेण, १,७५० किलो कोरडी चाळलेली माती आणि दीड-दोन हजार लिटर पाणी, थरावर थर. तीन-चार महिन्यांत तीन टनांच्या आसपास खत.

या पद्धतीत मी एक बदल केला आणि रेताड वावरासाठी मला तोच सर्वांत उपयोगी वाटला: टाक्यात वावरातली माती न घालता तलावाचा वाळलेला गाळ घालते. कचरा कुजताना चिकणमाती आणि कुजलेला पदार्थ एकमेकांना धरतात, आणि असं बांधलेलं खत वावरात सहज जळून जात नाही. गोठ्यातही जनावरांखाली मी वीतभर कोरडा गाळ पसरते. तो मूत शोषतो, पंधरा दिवसांनी उचलून टाक्यात जातो. दर टाक्यामागे पावणेदोन टन गाळ आपोआप वावरात पोचतो, त्याला वेगळी ट्रॉली लागत नाही.

काडीकचरा कुठून आणायचा? धानाचं तणस जनावरांना लागतं, ते मी मागणार नाही. तुरीचं कुटार, पऱ्हाटीचे तुकडे, धुऱ्यावरच्या गिरिपुष्पाचा पाला, पळसाची पानं हे घाला. राइस मिलचा कोंडा (धानाचं टरफल) थेट वावरात टाकू नका, तो वर्षानुवर्षं कुजत नाही. गोठ्यात अंथरा, मग टाक्यात घाला. आणि कुठलीही कच्ची काडी वावरात गाडू नका. एक तर ती कुजताना जमिनीतला नत्र ओढून घेते आणि पीक पिवळं पडतं. दुसरं, रेताड जमिनीत उधई फार, ती काडीवर येते आणि काडी संपली की पिकाच्या मुळांवर जाते. कच्च्या शेणाबरोबर हुमणीही येते.

हिरवळीच्या खतात हलक्या जमिनीला बोरू चांगला. धैंचा पाणी साचणाऱ्या धानाच्या बांधीसाठी ठेवा. बोरूचं एकरी २० ते २५ किलो बी, फुलावर यायच्या आधी, ४५ ते ५० दिवसांत गाडायचा. अडचण अशी की पावसाळ्यातले दोन महिने त्यात जातात, आणि लहान शेतकऱ्याला हंगाम सोडणं परवडत नाही. मी गाळ टाकलेल्या अर्ध्या एकरात फक्त पहिल्या वर्षी बोरू घेते आणि त्यावर रब्बीचा भाजीपाला. बाकीच्या वावरात तुरीच्या दोन ओळींत बरबटी (चवळी) पेरते. शेंगा घरी येतात, वेल जमिनीवर राहतो. तूर स्वतःही पानं गाळते आणि मुळं खोल नेते. तुमच्या उरलेल्या दोन एकरांत तूर, तीळ, भुईमूग, मूग अशी फेरपालट ठेवा. रोवणीचं धान मात्र तिथे नका लावू. चिखलणी करून तळ बंद व्हायला चिकणमाती लागते, ती नसताना बांधीत पाणी उभं राहणारच नाही. वडिलांचा अनुभव तुम्ही लिहिलातच.

आता उद्यापासून करायचं ते. एका एकरावर १० मिलिमीटर पाणी म्हणजे ४०,००० लिटर. तुमचा पंप २०० लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो ते घड्याळ लावून बघा. २५ सेकंदांत भरत असेल तर ४०,००० लिटरला सुमारे १ तास २५ मिनिटं लागतात. तुमच्या एका एकराला एका वेळी त्याच्यावर पाणी लागत नाही, तुम्ही किती वेळ पंप चालवता ते मनाशी ताडून बघा. पाटपाण्यानं एवढं थोडं पाणी रेतीत शेवटपर्यंत पोचतच नाही, पाटाच्या तोंडाशीच जिरतं. म्हणून रेताड जमिनीत तुषार किंवा ठिबक हा मला पहिला खर्च वाटतो. ठिबक घ्याल तर ३० सेंटिमीटरवर छिद्रं असलेली नळी घ्या. काळ्या मातीत थेंब आडवा पसरतो, रेतीत सरळ खाली जातो, त्यामुळे ६० सेंटिमीटरची नळी टाकली तर मधली रोपं कोरडी राहतात. पाणी रोज, आणि कडक उन्हाळ्यात दिवसातून दोनदा थोडं-थोडं.

खताचंही तेच. युरिया विरघळून पाण्याबरोबर खाली जातो, आणि मातीत त्याचं जे नायट्रेट होतं ते कशालाच चिकटत नाही. ४५ किलोची अख्खी गोणी एका वेळी टाकून वर पाट सोडला, तर पिकाच्या वाट्याला थोडंच येतं. तीच गोणी चार-पाच वेळा मिळून द्या, पाणी दिल्यानंतरच्या ओलीवर, मातीआड करून. काळ्या जमिनीत पालाश पेरणीलाच सगळं देतात, तुम्ही ते दोन-तीन हप्त्यांत द्या. स्फुरद मात्र पेरणीबरोबरच ठीक, ते फारसं हलत नाही. पिवळेपणा कुठल्या पानांवर आहे तेही बघा: खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी, वरची कोवळी पडत असतील तर गंधक किंवा लोहाचा संशय घ्या. जस्त कमी निघालं तर एकरी १० किलो झिंक सल्फेट. बोरॉन तपासणीशिवाय देऊ नका, त्याची जास्त मात्रा पिकाला बाधते. आणि वांग्याच्या मुळांवर गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी, रेताड वावरात ते फार. त्या तुकड्यात एक हंगाम झेंडू घ्या.

हायड्रोजेलबद्दल तुम्ही खास विचारलंत. ती वस्तू खोटी नाही, स्वतःच्या वजनाच्या साडेतीनशे-चारशे पट पाणी धरते. पण एकरी दोन किलो टाकलं तर धरून-धरून ८०० लिटर पाणी, आणि तुमच्या पिकाला एका पाळीला ४०,००० लिटर लागतं. रोपवाटिकेत, किंवा लिंबू-आंब्याच्या खड्ड्यात ते कामाचं आहे, अडीच एकर वावरासाठी नाही. गांडूळखत उत्तम, पण विकत घेऊन एकराला पुरेल इतकं टाकणं परवडत नाही. घरी केलंत तर ते रोपांच्या ओळीत, मुळांजवळ द्या. काळी माती दुसऱ्याच्या वावरातून खरवडून आणू नका, त्यात एकाचं वावर उजाड करून दुसऱ्याचं सुधारायचं होतं. तलावाचा गाळ जवळ मिळत असताना तर मुळीच नाही. गाळाचा खरा खर्च वाहतुकीचा असतो, त्यामुळे तलाव पाच किलोमीटरच्या पलीकडे असेल तर मी ट्रॉल्यांचा विचार सोडून नाडेप आणि गोठ्याच्या वाटेनंच थोडा-थोडा गाळ नेत राहीन.

पैशाचा क्रम मी असा लावीन: खड्डे आणि माती तपासणी या महिन्यात, अर्ध्या एकराला ठिबक रब्बीच्या आत, नाडेपचं टाकं हिवाळ्यात, आणि गाळ पुढच्या एप्रिल-मेमध्ये. गाळाचे पैसे यंदा जमले नाहीत तरी पहिल्या तीन गोष्टींनी वांगं वाचेल.

खड्डे खणून झाले की तीन गोष्टी कळवा: रेती किती फुटांपर्यंत आहे, बाटलीत चिकणमातीचा थर किती आला, आणि जवळचा तलाव किंवा बोडी किती लांब आहे. मग अर्ध्या एकराला नेमक्या किती ट्रॉल्या लागतील, ते मी हिशेब करून सांगते.